मराठी चौथीनंतरचा उंबरठा

महाराष्ट्रातील आधुनिक शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांची नजर बहुधा दोन टोकांवर खिळलेली असते. एका टोकाला गावची प्राथमिक शाळा आणि तेथील पंतोजी. दुसऱ्या टोकाला विद्यापीठ आणि त्याच्या पदवीधरांनी गाजविलेला काळ. ह्या दोहोंच्या मधे एक उंबरठा होता, त्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. मराठी तिसरी किंवा चौथी संपवून मूल ‘इंग्रजी पहिली’त जाई तो हा उंबरठा. तो ओलांडताना शिकण्याची भाषा बदले, पुष्कळदा गाव बदले, जेवणाचे पान परक्या घरी मांडावे लागे, आणि घरातील तुटपुंज्या मिळकतीचा ओघ एका मुलाकडे वळवावा लागे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा नव्या शाळेतील प्रवेश हा घराच्या दृष्टीने केवढा प्रसंग असतो, हे बदलीच्या नोकरीत निम्मे आयुष्य घालविणाऱ्या वाचकांना सांगावयास नकोच. त्या प्रसंगाची शे-दीडशे वर्षांची पूर्वपीठिका मात्र एकत्र पाहण्यासारखी आहे.

हा उंबरठा आपोआप पडलेला नाही. १८४० साली मुंबई इलाख्यात बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले आणि थोड्याच वर्षांत त्या बोर्डात शिक्षणाच्या माध्यमावरून मोठा वाद माजला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी ह्यांचा ओढा इंग्रजीकडे. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस ह्यांचा आग्रह देशी भाषांचा. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने दोन्ही पक्षांना थोडे थोडे दिले. सर्वसामान्य जनतेचे शिक्षण देशी भाषेतून व्हावे, वरचे शिक्षण इंग्रजीतून व्हावे, असा त्याचा आशय. तडजोड म्हणून ती शहाणपणाची असेल. पण तिचा परिणाम असा झाला, की दोन भाषांमधील सांधा नेमका दहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर आला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, आणि रानडे व भांडारकर तीत उत्तीर्ण झाले. त्यानंतर खालच्या शाळांची सारी रचना मॅट्रिककडे तोंड करून उभी राहिली. मराठीच्या चार इयत्ता आणि त्यांवर इंग्रजीच्या सात. त्या सातांपैकी पहिल्या तीन इयत्तांना सरकारी कागदपत्रांत ‘मिडल स्कूल’ म्हणत. ज्या शाळा तेवढ्यावरच थांबत त्या लोकांच्या तोंडी ‘ए. व्ही. स्कूल’ म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा. नागपूर-वऱ्हाडकडे तर ‘मिडल’ हा शब्दच घरोघर रुळला.

चौथीच्या शेवटी घरापुढे दोन वाटा असत. एक इंग्रजी पहिलीची. दुसरी मराठीच पुढे चालवून सहावी-सातवीची सार्वजनिक परीक्षा देण्याची. ती उत्तीर्ण झाली की शाळामास्तर, तलाठी किंवा कचेरीतील कनिष्ठ कारकून होता येई. पहिली वाट लांब, खर्चाची आणि अनिश्चित. दुसरी आखूड आणि भाकरीची. मुलाची बुद्धी कशी आहे ह्यापेक्षा घर किती वर्षे थांबू शकते, ह्या हिशेबानेच बहुधा वाट ठरे. आखूड वाटही किती खडतर असू शकते हे महर्षी कर्व्यांनी आपल्या ‘आत्मवृत्ता’त सांगून ठेवले आहे. मुरूडला सोमण गुरुजींच्या हाताखाली शिकून १८७५ साली ते त्या परीक्षेस निघाले. भर पावसाळी हवेत समुद्रमार्ग बंद पडला, म्हणून सोबत्यांसह कुंभार्ली घाटाने सातारा गाठण्यासाठी शंभर मैलांहून अधिक मजल त्यांनी पायी मारली. परीक्षेस बसण्यास किमान सतरा वर्षांचे वय लागे. कर्व्यांचे वय भरत होते. पण देहयष्टी किरकोळ. समितीच्या प्रमुखांनी मुलाकडे पाहिले, हा सतरांचा दिसत नाही असे ठरविले आणि परत पाठविले. पुढे कोल्हापूर केंद्रातून त्यांनी ती परीक्षा दिली. त्यानंतर इंग्रजीची लांब वाट धरून मुंबईस ते १८८१ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या वयाला तेवीस वर्षे पुरी झाली होती.

ही हकीकत सहसा चिकाटीचा नमुना म्हणून सांगतात. तीत आणखी एक गोष्ट आहे. परीक्षेची तयारी गुरुजींनी चोख करून घेतली होती. पण पलीकडच्या दारात उभा राहून ‘हा मुलगा आमचा, ह्याचे वय इतके’ असे सांगणारा मोठा माणूस कोणी नव्हता. असा माणूस असणे आणि नसणे ह्यांतील अंतर पाहावयाचे तर कर्व्यांच्याच समकालीन टिळकांकडे पाहावे. गंगाधरपंत टिळक हे विद्याखात्यातील नोकर, स्वतः व्याकरण आणि त्रिकोणमिती ह्यांवर पुस्तके लिहिणारे. १८६६ साली त्यांची रत्नागिरीहून पुण्यास असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणून बदली झाली तेव्हा बाळ दहा वर्षांचा होता. म्हणजे बदली आणि शाळांतर दोन्ही एकदमच आली, आणि त्याच वर्षी मातृवियोगही झाला. तरीही पुण्याच्या शाळेत ह्या मुलाचे अडले नाही, कारण संस्कृत आणि गणित ह्यांची बैठक वडिलांनी घरीच घालून दिली होती. सोळाव्या वर्षी, १८७२ साली, टिळक मॅट्रिक झाले. प्रतिभा ही टिळकांची स्वतःची, ह्यात वाद नाही. पण मॅट्रिकच्या वयातील सहा-सात वर्षांचा फरक हा प्रतिभेचा फरक म्हणता येणार नाही. तो घराचा फरक आहे.

ज्या घरात शिकविणारा बाप नव्हता तेथे दुसऱ्या कोणी तरी खांदा दिला. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळास पाठवीत. पगाराचा अर्ध्याहून मोठा वाटा! टेंभूच्या आगरकरांना कऱ्हाड, रत्नागिरी आणि अकोला अशी वणवण करून मॅट्रिकचा पल्ला गाठावा लागला. सर्वसामान्य पांढरपेशा मुलाची सोय मामा-मावशीच्या घरी होई. तेही नसेल तर आठवड्याचे सात दिवस सात घरी वार लावले जात, नाही तर माधुकरी मागितली जाई. शाळा सुरू होण्यापूर्वी वडील किंवा काका मुलाला घेऊन शहरात येत, ओळखीच्या घरांचे उंबरे झिजवीत, वार जुळवीत आणि परत जात. सोमवार जुळला पण गुरुवार रिकामा राहिला, तर गुरुवारी उपास! ह्या व्यवस्थेबद्दल आपल्याकडे पुष्कळ हळवे लिहून झाले आहे. तिने शेकडो मुले शिकली हे खरे; पण दुसऱ्याच्या घरी पाटावर बसून खाली मान घालून जेवण्याची जी सवय लागली तिची किंमतही त्या पिढीने मोजली आहे. शिवाय ही व्यवस्था कोणासाठी होती, हा प्रश्न उरतोच. वार आणि माधुकरी ब्राह्मण मुलाला मिळे. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाने शहरातील कोणत्या दारात उभे राहावयाचे?

हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे जोतीराव फुल्यांना दिसला होता. १८८२ साली हंटर कमिशनपुढे सादर केलेल्या निवेदनात, सरकार रयतेच्या करातून वरच्या शिक्षणावर खर्च करते आणि त्याचा लाभ मूठभर वरच्या वर्गांस होतो, असे त्यांनी परखडपणे मांडले; आणि प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. बारा हा आकडा लक्षात घेण्याजोगा आहे. १९११ साली गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे जे विधेयक आणले त्यात वयोमर्यादा सहा ते दहा अशी होती, आणि तेवढेही सरकारने मान्य केले नाही. गोखल्यांची सक्ती उंबरठ्यापाशी थांबत होती. फुल्यांची मागणी तो ओलांडून पलीकडे जात होती. गोखल्यांना व्यवहार पाहावयाचा होता हे मान्य करूनही, तीस वर्षे आधी केलेली मागणी अधिक दूरवरची होती असे म्हणणे भाग आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरातील क्रमांक १९१४. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केलेले पेन्शनर. घरात शिक्षणाची आच होती, पुस्तके होती, शिकविणारा बाप होता. टिळकांच्या घरी जे होते ते सारे येथेही होते असे कोणी म्हणेल; आणि तयारीपुरते ते खरेही आहे. मुलाचे इंग्रजी पक्के व्हावे म्हणून रामजींनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरपाठमाला त्याच्याकडून घोटून घेतली. परंतु शाळेच्या दारात ह्या तयारीचा काही उपयोग नव्हता. इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर त्याने बसावयाचे. तो तुकडाही शाळा झाडणारा नोकर हातात धरणार नाही, म्हणून संध्याकाळी घरी न्यावयाचा आणि सकाळी पुन्हा आणावयाचा. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा. शिपाई नसेल तर पाणी नाही. हे सारे बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. नव्या शाळेसाठी दप्तराबरोबर गोणपाट जुळविणारे घर मनासमोर आणावे. मुलाची शैक्षणिक तयारी घर करू शकते. शाळेची तयारी घर करू शकत नाही.

मुंबईस आल्यावरची हकीकतही ह्याच ओघात सांगितली पाहिजे. परळच्या डबक चाळीत एकच खोली. वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागे राहावे, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवावे आणि आपण आडवे व्हावे. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, उसने मागत. पैसे नसतील तर त्यांचा दागिना घेऊन गहाण टाकीत आणि महिन्याचे पेन्शन हाती आले की सोडवून परत देत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या यशाच्या जमाखर्चात एका पेन्शनरची रात्र आणि दोन बहिणींचे दागिने आहेत.

ज्यांच्या घरी रामजी सुभेदार नव्हते त्यांच्यासाठी घराचे काम कोणी तरी बाहेर उभे करणे आवश्यक होते, आणि महाराष्ट्रात ते वसतिगृहांनी केले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, पण त्यात ब्राह्मण मुलांचाच भरणा झाला. तेव्हा १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वेगवेगळी वसतिगृहे उभारण्यास साह्य दिले: व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली आणि नंतरही होते. तत्त्वतः ती अयोग्य नाही. परंतु खेड्यातील बापाला मुलाला शहरात ठेवताना ‘आपले’ असे एक दार हवे होते, आणि त्या काळात ते दार जातीच्या नावानेच उघडत होते, ही वस्तुस्थिती टीकाकारांनी विसरू नये. पुढची पायरी कर्मवीर भाऊराव पाटलांनी घातली. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघाले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांच्या जेवणासाठी धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. वार लावणाऱ्या मुलाला दुसऱ्याचे उपकार घ्यावे लागत. येथे ‘कमवा व शिका’ म्हणून मुले शेतात, बांधकामावर राबत आणि आपल्या कष्टाचे खात. वाराच्या जेवणात जी मान खाली जात होती ती येथे वर आली, एवढा एक फरक माझ्या मते त्या संस्थेच्या साऱ्या शाळांच्या संख्येहून मोठा आहे.

मुलींच्या बाबतीत प्रश्नच निराळा होता. मुलगा इंग्रजी पहिलीत जाण्याच्या वयात मुलगी सासरी जाई. रमाबाई रानड्यांचे लग्न १८७३ साली, अकराव्या वर्षी झाले. अक्षरओळखीपासून त्यांचे सारे शिक्षण सासरघरी, रात्री, पतीच्या हाताखाली आणि घरातील बायकांचा रोष सोसून झाले. रानड्यांची नाशिक-धुळ्याकडे बदली झाली तेव्हा पुण्याच्या घरातील त्या रोषापासून रमाबाईंना जरा मोकळीक मिळाली. बदलीच्या नोकरीचे गुण गाणारे थोडेच. पण एका स्त्रीच्या शिक्षणाला बदली फळली हे येथे नमूद केले पाहिजे. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली, तरी पुढची कित्येक वर्षे मुलीला वरच्या शाळेत पाठविण्याची मुख्य तयारी म्हणजे तिचे लग्न दोन-चार वर्षे लांबविणे हीच होती. पुस्तके, फी, गणवेश हे त्यानंतरचे.

स्वातंत्र्यानंतर ह्या उंबरठ्याचे रूप पालटले. मुंबई राज्यात मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली, तिची पहिली परीक्षा १९४९ साली झाली. ‘इंग्रजी पहिली’ हे नाव जाऊन पाचवी आली, आणि शिक्षणाचे माध्यम मराठी झाल्याने भाषेचा सांधा नाहीसा झाला. इंग्रजी हा विषयच काही काळ आठवीपर्यंत मागे ढकलला गेला, पुढे तो पाचवीला आला आणि २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. गावोगाव माध्यमिक शाळा निघाल्या, तसे वारही थांबले. घराची दगदग कमी झाली हे निर्विवाद आहे.

पण ती कमी झाली महाराष्ट्रात राहणाऱ्यांची. नोकरीनिमित्त ज्यांनी भोपाळ, कलकत्ता, मद्रास पाहिले त्यांच्यापुढे जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. दर तीन-चार वर्षांनी बदली, दर बदलीस नवी शाळा, आणि प्रत्येक प्रांताची क्रमिक पुस्तके व माध्यम वेगळे. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने १९६२ च्या नोव्हेंबरात मध्यवर्ती शाळांच्या योजनेस मान्यता दिली; १९६३ साली वीस लष्करी रेजिमेंटल शाळा तिच्याखाली घेतल्या गेल्या आणि १९६५ साली केंद्रीय विद्यालय संघटन स्वतंत्रपणे उभे राहिले. देशभर एकच अभ्यासक्रम, म्हणजे जोधपूरहून जबलपुरास आलेल्या मुलाचा धडा तोच. वसतिगृहांनी खेड्यातील मुलासाठी जे केले तेच ह्या शाळांनी नोकरवर्गाच्या मुलासाठी केले असे म्हटले तर वावगे होणार नाही. मात्र माध्यम हिंदी किंवा इंग्रजी. परिणामी रामजी सुभेदारांच्या घरी जे इंग्रजीचे झाले ते आपल्या घरांत मराठीचे झाले आहे. तेव्हा शाळेत जी भाषा लागणार ती घरी घोटून घेत. आता शाळेत जी मिळणार नाही ती घरी घोटून घ्यावी लागते. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मुलाला जोडाक्षरे वाचावयास लावणारा बाप आणि आजोळी पत्र लिहावयास बसविणारी आई ह्यांना तर्खडकरांसारखी पाठमाला कोणी करून दिलेली नाही.

कायद्यानेही एक काम अलीकडे आपल्याकडे घेतले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला आठवीपर्यंतचे शिक्षण हक्क म्हणून दिले. फुल्यांनी मागितलेल्या बारापेक्षा दोन वर्षे अधिक, एकशेसत्तावीस वर्षांनंतर. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात शाळा बदलणाऱ्या मुलाचा विचार आहे. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवू किंवा नाकारू नये. जुन्या गावच्या दाखल्यासाठी ज्यांनी पत्रांवर पत्रे धाडली आहेत त्यांना ह्या चार ओळींचे मोल कळेल.

एक घोटाळा तेवढा शिल्लक आहे, आणि तो दहा वर्षांच्या मुलांच्याच वाट्याचा आहे. ह्या कायद्याने प्राथमिकचे पाच आणि वरच्या प्राथमिकचे तीन असे टप्पे धरले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवी ह्यांनाच मधला टप्पा मानून ‘मिडल’ हे जुने नाव पुन्हा आणले आहे. महाराष्ट्रातील शाळांची बांधणी मात्र इंग्रजी पहिलीच्या काळापासून चौथी, सातवी आणि दहावी अशी चालत आली. चौथी-सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षा २०१७ साली पाचवी-आठवीला गेल्या होत्या. पण कित्येक गावांत शाळेची इमारत अजून चौथीलाच संपते. त्यामुळे महाराष्ट्रातून दिल्लीस बदली झालेल्या घरातील मुलाने चौथीनंतर एकदा नवी शाळा पाहिलेली असते, आणि पाचवी संपता संपता त्याच्यापुढे दुसरा उंबरठा येऊन उभा राहतो. जूनमध्ये सुरू होणारे महाराष्ट्राचे शाळावर्ष आणि एप्रिलमध्ये सुरू होणारे उत्तरेकडचे, ह्यांमधील दोन महिन्यांचा अभ्यास त्याला घरीच भरून काढावा लागतो.